टेन्शनमुळेच दिवस राहत नाहीत का?

वंध्यत्वावर उपचार घेणारी स्त्री समुपदेशनाला आली की पहिल्या-दुसऱ्या भेटीत हा प्रश्न येतोच. ‘टेन्शन सोड, आपोआप राहील’ असं घरचे म्हणतात आणि दुःखावर अपराधाचं ओझं चढतं. 2011 मध्ये 14 अभ्यासांतल्या साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचाराआधीच्या चिंतेचा किंवा नैराश्याचा त्या खेपेच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. मन सांभाळायचं ते स्वतःसाठी.

दोन आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार) फसल्यानंतर आलेली एकजण रात्री अकरा ते दोन जागी असायची. ‘माझंच असं का?’

“या तीन तासांत नवीन काय सापडतं?”

“काहीच नाही. तेच ते दळण.”

“मग थांबवावंसं वाटत नाही?”

ती बराच वेळ गप्प राहिली. “थांबवलं तर मला मूल नकोच होतं, असं होईल ना.”

गाठ इथे होती. विचारांचं हे रवंथ तिला बाळाशी राखलेलं इमान वाटत होतं. म्हणून ‘विचार करू नकोस’ हे तिच्या कानी ‘मूल विसर’ असं पडायचं. विचार खरा की खोटा याची उलटतपासणी अशा वेळी मी टाळते. तीही त्याच जात्यात आणखी एक मूठ.

विचारांना वेळ नेमून दिली. रोज संध्याकाळी सात ते सव्वासात, खुर्चीत बसून. अंथरुणात कधीच नाही. एरवी विचार आला की वहीत एक ओळ लिहायची, ‘सातला बघू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. विचार दाबायचा नाही, दाबला की उसळतो; बहुतेक जणी नेमक्या इथे चुकतात. सातला ‘का’चा ‘काय’ करायचा: डॉक्टरांना पुढच्या भेटीत काय विचारू? पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-वीस ओळी झाल्या, तेही चालतं.

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, “काल सात वाजून गेले, वही उघडलीच नाही.” मग हळूच, “आणि तरी मूल हवंच आहे, मॅडम.”

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचे सुमारे दोन आठवडे मात्र घडी पुन्हा विस्कटते. छाती दुखणं, पोट फुगणं, थकवा हे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळेही होतं, दिवस राहोत वा न राहोत. तेव्हा शरीर तासातासाला चाचपून काही कळत नाही. एचसीजीचं, म्हणजे गर्भचाचणी जे संप्रेरक शोधते त्याचंच, इंजेक्शन घेतलं असेल तर घाईने केलेली घरची चाचणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ही येते. निकाल कुणासोबत ऐकायचा आणि पुढचे दोन दिवस कसे घालवायचे, हे आधीच ठरवावं.

उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, कशातच रस उरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी. आणि गर्भ राहावा म्हणून नैराश्याची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.