पहिला रिबन मायक्रोफोन घेताना
किमतीआधी आपल्या ऑडिओ इंटरफेसचा (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. रिबन मायक्रोफोन धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपतो. स्वस्त रिबन मायक्रोफोन बहुधा पॅसिव्ह, म्हणजे आत सिग्नल वाढवणारे सर्किट नसलेले, असतात आणि त्यांचा सिग्नल इतका क्षीण असतो की हळुवार गायन किंवा सतार ध्वनिमुद्रित करताना सुमारे 60 ते 70 डेसिबल स्वच्छ गेन लागतो. तो नसेल तर पार्श्वभूमीला सतत ‘सूं’ असा आवाज येतो आणि प्रीअँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाचा) वेगळा खर्च करावा लागतो. हा मायक्रोफोन पुढून जितके ऐकतो तितकेच मागूनही ऐकतो, म्हणून लहान खोलीत त्याच्या मागे जाड रजई टांगावी. व्हायोलिनचा तीक्ष्णपणा तो फार सुंदर रीतीने मवाळ करतो. माझ्या मते केवळ या गुणासाठीही तो घ्यावा. आतील अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अवघी काही मायक्रॉन जाडीची असते, त्यामुळे तिच्यावर कधीही फुंकर मारू नये.