शाकाहाराची कार्यवाही

ताई, मिस्टरांची चीनमध्ये सूचौला बदली होते आहे, मुलगी सात वर्षांची, तिला तिथल्या चिनी शाळेतच घालणार, तर आपण चिनी किती शिकून यावं, असं तुम्ही विचारलंत. दोन दिवस झाले, प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

व्हिसा, मेडिकल, पोलिसांकडची नोंद हे कंपनीचा माणूस सांगेलच. मी एवढंच म्हणेन की मुलीचा जन्मदाखला आज कपाटातून काढा. आमच्या दाखल्यावर मुलाचं नुसतं नाव होतं आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट लांबलचक. दोन्ही कागदांवरचा मुलगा एकच आहे हे पटवायला तीन खेपा, दोन भाषांतरं आणि एक लाल गोल शिक्का लागला. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी तेच कागद काही न विचारता ठेवून घेतले. का, ते आजही कळलेलं नाही.

आता भाषा. उच्चारात आपण नशीबवान आहोत. प आणि फ, त आणि थ, च आणि छ हा फरक आपल्या कानात जन्मापासून असतो, युरोपातले लोक तिथेच अडखळतात. सूर मात्र छळतात, सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. तरी बाजारापुरतं बोलणं जमून जातं. अडतं ते कागदावर, कारण कागदाची क्रियापदंच वेगळी. बोलताना ‘देणे’ म्हणजे ‘केय्’, पण तेच अक्षर ‘प्रदान करणे’ या अर्थाच्या ‘चीयू’मध्ये आलं की ‘ची’ वाचायचं. आणि ‘चिन्‌शिंग’! अर्थ साधारण ‘पार पाडणे, राबवणे’. चर्चा, तपासणी, दुरुस्ती अशा रीतसर चालणाऱ्या कामांना लागतं. पुढे दोन अक्षरी क्रियाच हवी, एकाक्षरी चालत नाही. ती क्रिया कशावर करायची ते मागे टाकता येत नाही, ‘त्वी’ हा शब्द लावून आधी सांगावं लागतं. म्हणजे ‘यंत्राची तपासणी’ म्हणताना यंत्र आधी, मग ‘चिन्‌शिंग’, मग ‘चिएन्‌छा’. खाणं, झोपणं, ताप येणं यांना ते लावायचं नाही.

हे मला शाळेने शिकवलं. मुलगा तेव्हा दुसरीत होता. शाळेच्या जेवणात त्याला मांस नको, म्हणून मी रात्री बसून वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहिली. नुकतंच शिकलेलं भारदस्त क्रियापद वापरायची हौस, म्हणून लिहिलं ‘चिन्‌शिंग छ्रसू’. छ्रसू म्हणजे शाकाहार करणे. दोन अक्षरं होती, मला वाटलं बसलं. चिठ्ठी लाल शाईत दुरुस्त होऊन परत आली, मुलाच्या हातून, आणि त्याआधी ती वर्गात वाचून झाली होती. बाईंचा हेतू वाईट नसेल. पण मुलगा घरी येऊन म्हणाला, बाबा, यापुढे चिठ्ठी मी लिहीन. आठ वर्षांचा होता. तेव्हापासून तोच लिहितो. पालकांच्या वीचॅट ग्रुपवर मी फक्त ‘शौताओ’ टाकतो, म्हणजे ‘मिळालं’. सगळेच पालक टाकतात, त्यात माझं अज्ञान खपून जातं.

‘मुलगा मांस खात नाही, बाई, तुम्हाला त्रास होईल’ एवढंच साध्या चिनीत लिहिलं असतं तर पुरलं असतं. तुम्ही तसंच लिहा. एचएसके म्हणजे चिनीची परीक्षा, तिच्या तिसऱ्या पातळीपर्यंत या, पुरे. मोठी क्रियापदं वाचण्यापुरती ओळखा, लिहायला जाऊ नका.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. दिवाळीत जरा जास्त.

मागच्या महिन्यात कुठलंसं सरकारी मराठी पत्रक वाचत होतो, ‘पुढील कार्यवाही करण्यात यावी’, आणि एकदम ट्यूब पेटली. मी तेव्हा बाईंना कळवलं होतं की ‘सदर मुलगा शाकाहाराची कार्यवाही करीत आहे’. इतकी वर्षं त्या लाल शाईत विनोद कुठे होता तेच दिसलं नव्हतं. जेवताना सांगितलं. बायकोला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मुलगा आता चौदाचा, तो थांबून आम्हा दोघांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, कार्यवाही म्हणजे काय?

मुलीला देवनागरी वाचता येत असेल तर तिची मराठी पुस्तकं सामानात टाका. आम्ही वजनापायी ती पुण्यात ठेवून आलो होतो.