वाचकांचे प्रश्न : गोठलेल्या सरोवरावरची धावपट्टी

गेल्या अंकात आम्ही एक छायाचित्र छापले होते. त्यात गोठलेल्या सरोवराच्या पृष्ठभागावर छोटी विमाने ओळीने उभी होती आणि त्यांच्यामधून माणसे, मुले, कुत्री निवांतपणे फिरत होती. ते छायाचित्र अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील विनिपसॉकी सरोवराच्या आल्टन बे या दक्षिणेकडील फाट्याचे होते. त्याविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : छायाचित्रातील विमानांना घसरपट्ट्या नाहीत, साधी चाके आहेत. एवढे वजन बर्फ पेलते कसे? आणि ही खरोखर अधिकृत धावपट्टी आहे की हौशी मंडळींचा खेळ? (एक विद्यार्थिनी, पुणे)

ती पूर्णपणे अधिकृत आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ४८ राज्यांमध्ये संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या नोंदीत असलेली बर्फावरची ही एकमेव धावपट्टी असून ‘बी १८’ हा तिचा संकेतांक आहे. हिवाळा पुरेसा कडक पडला, तर सुमारे २६०० फूट लांब आणि १०० फूट रुंद अशी पट्टी तेथे साफ केली जाते. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर तरंगती विमाने उतरतात. नियंत्रण मनोरा नाही. वैमानिक ठरलेल्या रेडिओ वारंवारतेवर एकमेकांना आपले स्थान कळवतात आणि डोळ्यांनी पाहूनच उतरतात.

आता वजनाविषयी. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तरंगतो आणि विमानाचे वजन शेवटी खालचे पाणीच उचलते. बर्फाच्या थराचे काम ते वजन दूरवर पसरवण्याचे असते. चाकाखाली थर किंचित लवतो, आजूबाजूचा मोठा भाग त्याच्यासह खाली दबतो आणि तेवढे पाणी बाजूला सारले गेले की तोल साधतो. हे लवणे सोसण्याची ताकद थराच्या जाडीवर अवलंबून असते, आणि ती जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील लॉर्न गोल्ड यांनी प्रत्यक्ष घटनांचा अभ्यास करून मांडलेले सूत्र आजही वापरात आहे : सेंटिमीटरमधील जाडीचा वर्ग करावा आणि त्याला एका स्थिरांकाने गुणावे, म्हणजे किलोग्रॅममध्ये भार मिळतो. सावधगिरीचा ३.५ हा स्थिरांक घेतला, तर १० सेंटिमीटर बर्फ ३५० किलो, २० सेंटिमीटर १४०० किलो आणि ३० सेंटिमीटर ३१५० किलो पेलतो. सेस्ना १७२ हे जगात सर्वत्र दिसणारे चार आसनी विमान पूर्ण भरल्यावर ११०० ते ११५० किलोच्या आसपास जाते. आल्टन बे येथे १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, जाडीचा आग्रह धरतात. त्यात किती राखीव बळ ठेवलेले आहे, हे या आकड्यांवरून आपल्या लक्षात येईल.

मात्र हा हिशेब स्वच्छ, काळसर दिसणाऱ्या, सलग गोठलेल्या बर्फाचा आहे. पडलेले हिम पाण्यात भिजून पुन्हा गोठले, की पांढरा, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला बर्फ तयार होतो. त्याची ताकद साधारण निम्मीच धरण्याची शिस्त आहे.

प्रश्न : जाडी मोजतात कशी, आणि धावपट्टी उघडण्याचा निर्णय कोण घेते? (एक निवृत्त स्थापत्य अभियंता, नागपूर)

आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. गिरमिटाने बर्फाला आरपार भोक पाडायचे, त्यात टोकाला हूक असलेली मोजपट्टी सोडायची, तो हूक थराच्या तळाला अडकवायचा आणि जाडी वाचायची. एका भोकावर कोणी विसंबत नाही; पट्टीच्या लांबीभर, दोन्ही कडांना आणि विमाने उभी करण्याच्या जागी ठरावीक अंतराने भोके घेतली जातात, आणि थंडी ओसरू लागली की ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. भोकात पाणी कुठवर चढते तेही पाहतात. मोकळेपणाने तरंगणाऱ्या ३० सेंटिमीटरच्या थरात पाणी पृष्ठभागाच्या सुमारे अडीच सेंटिमीटर खाली थांबले पाहिजे. ते उसळून वर आले, तर तेथे थरावर आधीच जादा भार आहे असा त्याचा अर्थ.

एकाच सरोवरात जाडी सर्वत्र सारखी नसते, आणि अपघातांचे मूळ पुष्कळदा येथेच असते. आल्टन बेच्या टोकाला मेरीमीटिंग ही नदी सरोवराला मिळते, आणि वाहत्या पाण्याच्या मुखाशी बर्फ नेहमीच पातळ राहतो. तळाशी झरे असतील, पुलाचे खांब असतील, किंवा धक्क्याच्या लाकडांना बर्फाने इजा होऊ नये म्हणून कोणी पाणी घुसळणारी यंत्रे लावली असतील, तर तेथेही तेच होते.

हिम हा आणखी एक घटक. हिम पांघरुणासारखे काम करते. त्याखाली बर्फ जाड होण्याचा वेग फार मंदावतो. म्हणून हिम लोटून काढल्यावर पट्टी फक्त वापरण्याजोगी होते असे नाही, तर उघड्या पडलेल्या त्या भागात बर्फ अधिक वेगाने वाढतो. पण लोटलेले हिम कडेला ढीग होऊन बसते. ढिगाचे वजन थराला खाली दाबते आणि ढिगाखालचा बर्फ मात्र झाकलेला राहिल्यामुळे पातळच असतो. परिणामी पट्टीच्या कडेला समांतर तडे जातात आणि त्यांतून पाणी वर येते. जाणती माणसे म्हणूनच हिम अगदी कडेला रचून न ठेवता दूरवर, पसरट लोटतात. शिवाय उंच ढिगाला पंख खाली असलेल्या विमानाच्या पंखाचे टोक लागण्याचा धोका असतोच.

आपल्याला अभियंता म्हणून एक गोष्ट विशेष वाटेल. फाळ लावलेली हिम लोटणारी गाडी छोट्या विमानापेक्षा कितीतरी जड असते आणि ती तासन्‌तास त्याच पट्ट्यावर हळूहळू फिरते. त्यामुळे बर्फाची खरी परीक्षा विमान घेत नाही, ती गाडी घेते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला हलक्या वाहनांनी काम चालवावे लागते. हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. धावपट्टी राज्याच्या विमान वाहतूक विभागाच्या अखत्यारीत असून तिचा व्यवस्थापक जाडी तपासून ती उघडी किंवा बंद असल्याचे जाहीर करतो. आठवडाभर खपून तयार केलेली पट्टी एका पावसाने बंद करावी लागते, आणि काही हिवाळ्यांत ती उघडतच नाही. फेब्रुवारीतल्या हिवाळी जत्रेला गर्दी जमण्याची चिन्हे असताना ‘यंदा नाही’ असे सांगणाऱ्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो. उतरणाऱ्या वैमानिकाचे कौतुक सगळेच करतात, पण त्याची सुरक्षितता गिरमिट हाती धरणाऱ्यांनी आधीच ठरवलेली असते.

प्रश्न : ब्रेक लावल्यावर विमान घसरत नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

घसरते, म्हणूनच वैमानिक ब्रेकवर भरवसा ठेवत नाहीत. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७ च्या पुढे असतो, बर्फावर तो ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ९० किलोमीटर वेगाने टेकलेले विमान केवळ ०.१ घर्षणावर थांबवायचे म्हटले, तर सुमारे ३२० मीटर लागतात. ओलसर बर्फावर घर्षण ०.०५ पर्यंत उतरले, तर तेच अंतर ६४० मीटर होते. आल्टन बेची पट्टी साधारण ७९० मीटर आहे. म्हणजे पट्टीच्या मध्यावर टेकून चालणार नाही. सुरुवातीलाच, शक्य तितक्या कमी वेगात टेकले पाहिजे. नंतर नाक उचलून धरून हवेच्या विरोधानेच वेग घालवायचा. कडाक्याच्या थंडीत बर्फ थोडी पकड देतो. शून्य अंशाच्या आसपास, पाण्याचा पातळ थर सुटलेला असताना, तो सर्वांत निसरडा असतो. दुपारच्या उन्हातला सुखद दिवस वैमानिकासाठी पहाटेपेक्षा अवघड असू शकतो.

खरी कसोटी आडवा वारा घेतो. वेग असेपर्यंत शेपटाचे सुकाणू विमानाला सरळ ठेवते. वेग उतरल्यावर सुकाणूवर हवेचा जोर राहत नाही, चाकांना पकड नसते, आणि वारा शेपूट ढकलून विमानाचे तोंड आपल्याकडे वळवतो. जमिनीवर सहज सोसला असता असा आडवा वारा बर्फावर विमानाला हिमाच्या ढिगात नेऊन घालू शकतो. उड्डाणापूर्वी उभ्याने इंजिन जोरात चालवून तपासण्याची रीतही येथे बदलावी लागते, कारण ब्रेक दाबलेले असतानाही विमान पुढे सरकू लागते.

उड्डाण मात्र सोपे जाते. उणे १० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा जवळपास १५ टक्के दाट असते, त्यामुळे पंखांना उचल आणि इंजिनाला जोर दोन्ही अधिक मिळतात. फक्त ते इंजिन सुरू करण्याआधी बाहेरून ऊब द्यावी लागते; थिजलेल्या तेलावर ते चालवणे म्हणजे त्याची झीज ओढवून घेणे.

प्रश्न : गोठलेल्या पाण्यावर गाड्या हळू चालवाव्यात असे वाचले आहे. मग विमान एवढ्या वेगात कसे चालते? (एक वाचक, ठाणे)

हळू चालवावे हे खरे, पण कारण वेगळे आहे. भार पुढे सरकतो तेव्हा त्याच्यासोबत बर्फाखालच्या पाण्यात एक लाट चालते. या लाटेचा नैसर्गिक वेग मुख्यतः पाण्याच्या खोलीवर ठरतो : पाच मीटर खोलीला तो ताशी सुमारे २५ किलोमीटर, दहा मीटरला सुमारे ३५. वाहन नेमके त्याच वेगाने चालले, तर लाट वाढत जाते आणि बर्फ फुटू शकतो. एस्टोनियात गोठलेल्या समुद्रावरून सरकारी रस्ते आखले जातात. तेथे ताशी २५ ते ४० किलोमीटर हा टप्पा वर्ज्य आहे, एक तर त्याहून हळू चालवायचे किंवा त्याहून जलद. गाडी बुडू लागली तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून तेथे आसनपट्टा बांधण्यास मनाई आहे. उतरणारे विमान या घातक वेगाच्या बरेच वर असते आणि थांबताना तो टप्पा काही क्षणांत ओलांडते.

उलट, उभे राहिलेले विमान अधिक काळजीचे असते. स्थिर भाराखाली बर्फ तासागणिक हळूहळू लवत राहतो. म्हणून विमाने एकमेकांपासून अंतर राखून उभी करतात आणि चाकांभोवती पाणी दिसू लागले की ती लगेच हलवतात.

प्रश्न : मी सैन्यात असताना पँगाँग सरोवर गोठलेले पाहिले आहे. तेथे अशी विमाने का उतरवता येणार नाहीत? (एक माजी सैनिक, सातारा)

पँगाँगचा बर्फ भक्कम असतो, हे आपण स्वतः पाहिलेच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यावरून २१ किलोमीटरची धावण्याची शर्यतही झाली. अडचण हवेची आहे. सरोवराची पातळीच सुमारे १४,००० फुटांवर आहे आणि तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश. ज्या सेस्ना १७२ बद्दल वर लिहिले, त्याची व्यावहारिक उंचीची मर्यादाच साधारण १४,००० फूट आहे. म्हणजे इतर विमानतळांवरून उडून ते जेथवर कष्टाने पोहोचते, तेथून त्याने उड्डाणाला सुरुवात करायची. भोवती त्याहून उंच डोंगर आहेत. सीमाभागाचे निर्बंध तर वेगळेच.

प्रश्न : अंटार्क्टिकात जाणारे आपले शास्त्रज्ञ बर्फावरच उतरतात ना? (एक शिक्षिका, वास्को)

होय, आणि हा प्रश्न आपल्या गावातून यावा हे योग्यच आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच जहाजाने निघाली होती, आणि ध्रुवीय व सागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही वास्कोलाच आहे. आज मैत्री या भारतीय स्थानकाकडे जाणारे अनेक जण केपटाउनहून विमानाने नोवोलाझारेव्हस्काया या रशियन स्थानकाजवळच्या धावपट्टीवर उतरतात. पण ती धावपट्टी सरोवरावर नसून हिमनदीच्या निळ्या, घट्ट बर्फावर आहे. खाली पाणी नसल्यामुळे पूर्ण भारासह दीडशे टनांहून जड होणारे इल्युशिन-७६ हे मालवाहू विमान तेथे चाकांवर उतरू शकते. पृष्ठभाग उन्हाने मऊ पडणे ही अडचण मात्र तेथेही आहे.

प्रश्न : हवामान उबदार होत आहे. ही धावपट्टी टिकेल का? (एक वाचक, नाशिक)

विनिपसॉकीवरचा बर्फ सुटल्याची तारीख १८८७ पासून नोंदली जाते. ‘माउंट वॉशिंग्टन’ हे प्रवासी जहाज आल्टन बेसह आपल्या सर्व बंदरांना जाऊ शकेल इतके पाणी मोकळे झाले, की बर्फ सुटला असे मानतात. सर्वांत उशिराची तारीख १२ मे १८८८ ची आहे. सर्वांत लवकरची १७ मार्च २०२४ ची, आणि तिने मोडलेला आधीचा उच्चांक २०१६ मधला, १८ मार्चचा होता. या दोन टोकांकडे पाहता पुढची वर्षे कठीण दिसतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : आम्ही न्यू हॅम्पशायरमध्येच, नॅशुआ येथे राहतो. मुलांना घेऊन जावे का? (एक कुटुंब)

अवश्य जावे. फेब्रुवारीतील वारा नसलेला, कडक थंडीचा शनिवार-रविवार उत्तम. निघण्यापूर्वी धावपट्टी उघडी असल्याची खात्री करून घ्यावी, आणि ती बंद असेल तर कोणी चालताना दिसले तरी मुलांना बर्फावर उतरू देऊ नये. तेथे गेल्यावर स्वयंसेवक दाखवतील त्याच बाजूने चालावे व पट्टी कधीही ओलांडू नये. इंजिन सुरू असलेल्या विमानापासून जमिनीवर ठेवाल त्याहून बरेच जास्त अंतर ठेवावे. वैमानिकाने ब्रेक दाबून धरलेले असले तरी बर्फावर ते विमान पंख्यासकट आपल्या दिशेने सरकू शकते.