अंगणवाडीला खुर्च्या द्याव्यात की सतरंज्या?

प्रश्न : आमच्या वाडीतल्या बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलांनी अंगणवाडीसाठी वर्गणी काढली आहे. पटावर २४ मुलं, खोली १२ बाय १८ फूट. २४ रंगीत खुर्च्या आणि सहा टेबलं घ्यावीत असं बहुतेकांचं म्हणणं आहे. आपलं मत काय?
(अकोले तालुका)

उत्तर : घेऊ नका. तुमची खोली २१६ चौरस फुटांची. २ बाय ४ फुटांची सहा टेबलं म्हणजे ४८ चौरस फूट, खुर्च्या जवळजवळ तेवढ्याच, आणि मागे सरकायला जागा लागते ती वेगळीच. धान्याची कोठी आणि भांडी एका कोपऱ्यात असतीलच. मग फेर धरून गाणं म्हणायचं कुठे? आठवडाभरात खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी जातात, फोटोपुरत्या बाहेर निघतात. तीन ते सहा वर्षांचं मूल जमिनीवरच जास्त रमतं.

त्याऐवजी ४ बाय ६ फुटांच्या सहा सुती सतरंज्या घ्या. एकीवर चार मुलं ऐसपैस बसतात. खोलीभर पसरणारी एकच मोठी सतरंजी घेऊ नका. ती एकट्या मदतनीस ताईंना धुता-वाळवता येत नाही, म्हणून धुतलीच जात नाही. अकोले तालुक्यातल्या पावसात फरशीला ओल येते, तेव्हा खाली घालायला जाड ताडपत्री कापून ठेवा. प्लास्टिकच्या चटया स्वस्त पडतात, पण वर्षभरात कडा उसवतात आणि काड्या टोचतात.

चित्रं काढायला, कोडी जुळवायला २ बाय ३ फुटांचे चार चौरंग गावच्या सुताराकडून करून घ्या. उंची ९ ते १० इंच, त्याहून जास्त नको. उंच चौरंगावर मुलं खांदे वर ओढून लिहितात आणि लवकर कंटाळतात. कोपरे गोल घासून घ्या. लसीकरणाच्या दिवशी गरोदर बाया येतात, त्यांना जमिनीवर बसवू नये. तेवढ्यासाठी एक बाक मात्र हवा.

खरेदीआधी दोन चौकशा करा. शासनाकडून यंदा काय येणार आहे ते पर्यवेक्षिकांना विचारा, नाहीतर एकाच वस्तूचे दोन नग होतील. दुसरं, दारं-खिडक्या, वीज, गळकं छप्पर यांवर वर्गणी घालवू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांना अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधीही मिळतो. हा विषय ग्रामसभेत मांडा.

प्रश्न : भिंतीवर मुलांसाठी काळा फळा रंगवला. तीन महिन्यांत पापुद्रे निघाले. रंग भेसळीचा असेल का?
(पुसद)

उत्तर : रंगाचा दोष कमी, भिंतीचा जास्त. चुन्यावर किंवा साध्या डिस्टेंपरवर थेट रंग लावला की तो भुकटीवर बसतो आणि भुकटीसकट सुटतो. पत्र्याने खरवडून सिमेंटचा गिलावा दिसू द्या. मग फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले तर भिंत ओली आहे, तिथे कितीही महाग रंग टिकणार नाही. दुसरी भिंत निवडा. कोरडी असेल तर लांबी (पुट्टी) भरून घासून घ्या, त्यावर प्रायमर आणि मग फळ्याच्या रंगाचे दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. चकाकणारा ऑइलपेंट वापरू नका, त्यावरून खडू घसरतो.

रंग वाळल्यावर तीन दिवस थांबा. खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ही पायरी गाळली तर पहिल्याच दिवशी लिहिलेली अक्षरं फळ्यावर कायमची धूसर उमटून राहतात.

फळ्याची खालची कड जमिनीपासून एक फुटावर आणि वरची चार फुटांवर ठेवा. गुरुजींच्या उंचीचा फळा बालवाडीत कामाचा नाही. एका मुलाला दोन फूट रुंदी धरली, तर १२ फुटांत सहा जणं एकदम रेघोट्या ओढतात.

प्रश्न : आम्ही दिलेली खेळणी कपाटात कुलपात आहेत. सेविकाताई काढतच नाहीत.
(मुरबाड)

उत्तर : ताईंना बोल लावण्याआधी त्यांची वही बघा. खेळणं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलं की तपासणीला आणि कार्यभार सोपवताना तो नग दाखवावा लागतो. मग मोडायची भीती धरून ते कुलपातच राहणार. देतानाच लेखी द्या, की खडू, रंग, मणी, ठोकळे, चेंडू हे वापरून संपणारं साहित्य आहे, आणि त्याची नोंद वेगळी करून घ्या. कपाट, चौरंग, बाक तेवढे डेडस्टॉकला.

दुसरं कारण कपाटच. साडेपाच फुटांच्या लोखंडी कपाटातलं मुलांना दिसत नाही. अडीच फूट उंचीची उघडी मांडणी करा आणि ती भिंतीला स्क्रूने पक्की आवळा, कारण मुलं तिच्यावर चढतातच. कागद आणि कापडी बाहुल्या मात्र घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, तीही दोन विटांवर. उंदीर आणि वाळवी दोन्ही टळतात.

प्रश्न : विकतची खेळणी परवडत नाहीत. गावातलं काय चालेल?
(जव्हार)

उत्तर : तुमच्याच भागात हे काम होऊन गेलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाला सुरुवात केली आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी ते वाढवलं, ते शिंपले, बिया, खडे, पानं यांवरच.

मोजायला चिंचोके, सागरगोटे, आंब्याच्या वाळक्या कोयी चालतात. गुंजा आणि एरंडीच्या बिया अजिबात नकोत. दिसायला देखण्या, पण विषारी. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन मुलं येतात, म्हणून चिंचोके झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ताई समोर असतानाच काढा. दीड इंच व्यासाच्या नळीतून जाणारी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. ती घशात अडकू शकते.

ठोकळे सुताराकडच्या सागवानी तुकड्यांतून होतात. दीड बाय तीन इंचांची पट्टी घ्या. अख्खा ठोकळा सहा इंच लांब, अर्धा तीन इंच. इथे एक चूक ठरलेली: सुतार सहाचा ठोकळा मधोमध कापतो. करवतीच्या पात्यात दोन-तीन मिलिमीटर लाकूड जातं, मग दोन अर्धे मिळून एक अख्खा भरत नाही आणि मुलांचा मनोरा तिरपा होऊन पडतो. प्रत्येक अर्धा स्वतंत्रपणे तीन इंच मोजून कापायला सांगा. २५ मुलांना ४० अख्खे आणि ४० अर्धे पुरतात. कडा आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिशपेपरने मारा. रंग लावू नका, मुलं ठोकळे तोंडात घालतात.

प्रश्न : नळ नाही. हात धुवायची सोय कशी करावी?
(धडगाव)

उत्तर : पाच लिटरचा कॅन आडव्या काठीला टांगा. बुचापासून चार-पाच बोटं खाली तापवलेल्या खिळ्याने एकच भोक पाडा. बुचाजवळ बांधलेली दोरी खाली पायकाठीला जोडा. पाय दाबला की कॅन कलतो आणि बारीक धार येते. भोक तळाशी पाडलं तर कॅन दिवसभर गळत राहतो. साबण जाळीच्या पिशवीत टांगा, नाहीतर कावळे नेतात. खाली घमेलंभर खडी पसरा, म्हणजे चिखल होणार नाही.