टॅनर स्कॉटला एका हंगामावरून निकालात काढू नये

बेसबॉलमधला क्लोझर (शेवटची, म्हणजे नववी इनिंग टाकून आघाडी राखणारा पिचर) एडविन डियाझ ६.९ कोटी डॉलरना तीन वर्षांसाठी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडे आला, तेव्हा आता डॉजर्सचाच पिचर टॅनर स्कॉटला मिळेल त्या संघाच्या गळ्यात मारून मोकळे व्हावे, असे आपण लिहिले आहे. २०२५ मध्ये स्कॉटने दहा सेव्ह घालवले (म्हणजे राखायला दिलेली आघाडी दहा वेळा गमावली) आणि त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) ४.७४ राहिला, त्यामुळे आपला संताप मला समजतो. तरीही हा निकाल मला घाईचा वाटतो.

रिलीफ पिचर (सामना सुरू झाल्यावर मध्येच किंवा शेवटी आणला जाणारा पिचर) वर्षाकाठी जेमतेम साठ-सत्तर इनिंग टाकतो. स्कॉटने २०२४ मध्ये ७२ इनिंगमध्ये ४५ वॉक दिले (चार चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, बाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो), पण होमर (कुंपणापार गेलेले फटके) तीनच, आणि ईआरए होता १.७५. २०२५ मध्ये ५७ इनिंगमध्ये वॉक १८ वर आले आणि होमर अकरावर गेले. म्हणजे ज्या दोषाबद्दल सगळे त्याला बोल लावत होते तो त्याने सुधारला, आणि सुधारतानाच मार खाल्ला, कारण बॅटरने ज्याच्या मागे लागून फसावे असा त्याचा स्लायडर (आयत्या वेळी वळणारा चेंडू) आता स्ट्राइक झोनमध्ये, बॅटच्या टप्प्यात पडू लागला, असे मला तरी सामने पाहताना जाणवले.

आता ज्या डियाझच्या येण्याने आपण निश्चिंत झाला आहात, त्याचाच इतिहास पाहा. २०१८ मध्ये सिअॅटलसाठी ५७ सेव्ह आणि १.९६ ईआरए, पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या मेट्स संघाकडे ५८ इनिंगमध्ये १५ होमर आणि ईआरए ५.५९. त्या वर्षी न्यू यॉर्कच्या प्रेक्षकांनी त्याला काय काय ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याच डियाझचा ईआरए २०२२ मध्ये १.३१ होता.

घालवलेल्या सेव्हच्या आकड्याविषयी एक प्रसंग सांगतो. ६ सप्टेंबर २०२५ ला बाल्टिमोरमध्ये डॉजर्सचा पिचर यामामोतोचा नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण केलेला सामना) एका आऊटवर आला होता, आघाडी ३-० होती, आणि बाल्टिमोरच्या जॅक्सन हॉलिडेने चेंडू कुंपणापार मारला. डॉजर्सचा दुसरा रिलीफ पिचर ट्रायनेन आला: एक डबल (दोन बेसचा फटका), एकाच्या अंगावर चेंडू, मग दोन वॉक, त्यातल्या दुसऱ्या वॉकने धाव. तिन्ही बेस भरलेले असताना स्कॉटच्या हाती चेंडू दिला गेला, इमॅन्युएल रिव्हेराने सिंगल (एका बेसचा फटका) मारला, दोन धावा झाल्या आणि सामना ४-३ असा गेला. (मी टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसलो, हे कबूल करतो.) त्या दोन्ही धावा ट्रायनेनच्या नावावर लागल्या, स्कॉटच्या ईआरएला धक्काही लागला नाही, पण घालवलेला सेव्ह मात्र स्कॉटच्या खात्यात गेला. सिंगल त्यानेच दिला, हे खरेच. परंतु नवव्या इनिंगच्या सुरुवातीला रिकाम्या बेसवर तीन धावांची आघाडी हातात घेऊन येणे आणि अशा खाईत उतरणे या दोन गोष्टी सेव्हच्या हिशेबात एकाच रकान्यात बसतात.

मला स्वतःला ट्रायनेनची चिंता जास्त वाटते. २०२५ मध्ये तो ३७ वर्षांचा झाला, त्या हंगामाचा बराच भाग दुखापतीत गेला, आणि वॉक देणारा पिचर बेस भरलेले असताना सर्वांत महागात पडतो.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये क्लोझरचे काम शेवटी रोकी सासाकीने केले, जो मुळात स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) आहे, आणि वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, अठरा इनिंगच्या तिसऱ्या सामन्यात चार इनिंग धाव न देता टाकणारा विल क्लाइन तर मार्चमध्ये आपल्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. म्हणून नववी इनिंग डियाझला द्यावी, स्कॉटला सातव्या-आठव्या इनिंगमध्ये डावखुऱ्या बॅटरांच्या रांगेसमोर आणावे, आणि एप्रिलभर त्याचा ईआरए न पाहता एवढेच पाहावे की दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद होतो) त्याचा स्लायडर झोनच्या खाली जातो की मध्येच राहतो. महिनाभराने तो मध्येच राहत असेल, तर मी आपल्या बाजूने मत देईन.