इंदूरजवळ नौकाविहार आणि मासेमारी एकाच ठिकाणी जमेल का?

आपण डिसेंबरात मुलांसह इंदूरला येणार आहात आणि मुलांना नावेत बसवता येईल, आपल्याला गळ टाकता येईल, असे एकच ठिकाण विचारले आहे. मी हनुवंतिया सुचवेन. मात्र गळासाठी आधी परवानगी मिळवावी लागेल.

शहरालगतची तळी गळासाठी धरू नयेत. सिरपूर आणि यशवंतसागर 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, यशवंतसागराचे पाणी तर इंदूर पिते, आणि त्याच्या आसपासच्या शेतांत सारसांच्या जोड्या दिसतात. तुटून पाण्यात राहिलेली दोरी पक्ष्यांच्या पायांत अडकते, म्हणून तिथे दुर्बीण घेऊनच जावे.

हनुवंतिया हे खंडवा जिल्ह्यात, इंदूरहून सुमारे 130 किलोमीटरवर, नर्मदेवरच्या इंदिरासागर जलाशयाच्या काठी आहे. हा जलाशय पूर्ण भरला की 900 चौरस किलोमीटरांहून अधिक पसरतो. हरसूद गाव 2004 मध्ये याच धरणापायी उठले, आणि तिथे नावेत बसलो की मला ते आठवल्याशिवाय राहत नाही. फेरी सकाळी घ्यावी, कारण वारा सुटला की इतक्या उघड्या पाण्यावर चांगल्याच लाटा उठतात. मुलाला लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर ते खांद्यांशी धरून वर ओढून पाहावे; कानांपर्यंत सरकले तर लहान मापाचे मागून घ्यावे, आणि ते मिळेपर्यंत नाव सोडू देऊ नये.

या जलाशयातील मासेमारीचे हक्क मध्य प्रदेश मत्स्य महासंघाकडे आहेत, म्हणून हौशी माणसानेही विचारल्याशिवाय गळ टाकू नये. 16 जून ते 15 ऑगस्ट हा प्रजननकाळ असल्याने मासेमारी बंद असते. डिसेंबरात ती अडचण नाही. रोहूसाठी कणकेचा घट्ट गोळा मला गांडुळापेक्षा बरा वाटतो. बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली असतात आणि माझे दोन गळ तिथेच अडकून गेले, तेव्हा जास्तीचे गळ जवळ ठेवावेत.

नर्मदेच्या पाण्यात महसीर लागण्याची शक्यता असते. 2011 पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. त्याला खळाळते पाणी लागते आणि धरणांमुळे तेच कमी झाले आहे. लागलाच तर हात आधी पाण्यात भिजवावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग त्याला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवावा आणि तो स्वतः शेपूट हलवून निघेपर्यंत हलकेच धरून ठेवावे.