अँडरमॅटला तीन दिवस आहोत, आसपास निसर्ग आणि इतिहास दोन्हीतलं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की जुलैच्या शेवटी आईवडिलांना घेऊन तीन दिवस अँडरमॅटला राहणार आहात, आणि ट्रॅव्हल एजंट म्हणतोय की तिथे ग्लेशियर एक्सप्रेस ही प्रसिद्ध डोंगरी ट्रेन थांबते एवढंच, बघायला काही नाही, त्यातला एक दिवस काढून ल्युसर्नला द्या. अजिबात देऊ नका. मी बरीच वर्षं स्वित्झर्लंडमध्ये राहते आणि घरी पाहुणे आले की त्यांना हमखास अँडरमॅटला घेऊन जाते, कारण आल्प्समध्ये माणसं नुसती डोंगर बघायला आलेली नाहीत, त्यांना तो ओलांडायचा होता, आणि त्या ओलांडण्याचा सात-आठशे वर्षांचा इतिहास इथे एका छोट्याशा खोऱ्यात चालत चालत बघता येतो.

आधी जागा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. अँडरमॅट हे उरी कॅन्टनमधल्या, म्हणजे उरी राज्यातल्या, उर्सेरेन खोऱ्यातलं गाव, उंची साधारण 1440 मीटर. खोरं सपाट, हिरवंगार, आणि चारी बाजूंनी बंद. दक्षिणेला गोटहार्ड घाट, पूर्वेला ओबरआल्प, पश्चिमेला फुर्का, आणि उत्तरेला घाट नाहीच, तिथे रॉइस नदीने कापलेली श्योलेनेनची घळ आहे. तीनही घाट तसे चढायला बरे, सगळा अडथळा होता तो या उत्तरेच्या घळीचा. उभे ग्रॅनाइटचे कडे आणि मध्ये उसळतं पाणी, बाजूने पाऊल ठेवायला जागा नाही. तेराव्या शतकात कधीतरी लोकांनी तिथे लाकडी पूल घातला आणि कड्याला लटकती फळ्यांची वाट बांधली, आणि तिथून पुढे जर्मनीकडचा माल गोटहार्डवरून सरळ इटलीत जायला लागला. या गावाचं नशीब त्या पुलाने बदललं, म्हणून पहिल्या दिवशी सकाळी कुठेही न जाता आधी पुलाकडे चला.

गावातून डेव्हिल्स ब्रिजपर्यंत, म्हणजे टॉयफेल्सब्र्युकंपर्यंत, चालत अर्धा तास लागतो आणि वाट सोपी आहे, आईबाबांना जमेल. जाताना गावाच्या टोकाला कड्याखाली सेंट कोलुंबानचं जुनं छोटं चर्च लागतं, तिथे दोन मिनिटं थांबा. मग उर्नरलोख येतं. आज तो मोटारींचा साधा बोगदा वाटतो पण 1707-08 मध्ये पिएत्रो मोरेत्तिनी नावाच्या इंजिनीयरने तो सुरुंगाची दारू वापरून खणला, लांबी साठेक मीटर, आणि आल्प्समधला रस्त्याचा पहिला बोगदा तो हाच. त्याच्या आधी त्या लटकत्या फळ्यांवरून खेचरं जायची, पुरात फळ्या वाहून जायच्या, परत बांधायच्या. हे माहीत असलं की त्या बोगद्यातून जाताना अंगावर काटा येतो.

पुलापाशी आलात की एकाच्या डोक्यावर एक असे दोन पूल दिसतील, खालचा 1830 चा आणि वरचा 1958 चा. सगळ्यात जुना दगडी पूल 1595 चा होता तो 1888 मध्ये कोसळला, त्याच्या पायाचे अवशेष खाली बघायला मिळतात. गोष्ट अशी सांगतात की उरीच्या लोकांना काही केल्या पूल बांधता येईना, तेव्हा त्यांचा प्रमुख वैतागून म्हणाला की सैतानानेच बांधावा आता, आणि सैतान खरंच हजर झाला, म्हणाला बांधतो पण पुलावरून पहिला जो जाईल त्याचा जीव माझा. पूल झाला, आणि लोकांनी पहिल्यांदा बोकड सोडला. सैतान चिडून पूल फोडायला एक प्रचंड शिळा घेऊन आला, वाटेत एका म्हातारीने त्या शिळेवर क्रूसाची खूण केली आणि मग ती त्याला उचलेना. ही शिळा खाली ग्योशेनेन गावाजवळ खरंच आहे, 220 टनांची, आणि 1977 मध्ये मोटारवे बांधताना ती मध्ये आली तेव्हा लोकांनी फोडू दिली नाही, पैसे खर्च करून ती आख्खीच्या आख्खी 127 मीटर बाजूला सरकवली! मला या गोष्टीतला हा शेवटचा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

तिथेच कड्यात कोरलेला बारा मीटर उंच क्रूस आणि रशियन अक्षरं दिसतील. सप्टेंबर 1799 मध्ये रशियन सेनापती सुवोरोव, तेव्हा जवळजवळ सत्तरीचे, वीसेक हजार सैन्य घेऊन इटलीतून गोटहार्ड चढून आले, त्यांना झ्युरिकजवळच्या आपल्या सैन्याला जाऊन मिळायचं होतं. 25 तारखेला इथल्या तेव्हाच्या जुन्या दगडी पुलावर फ्रेंचांशी लढाई झाली. फ्रेंचांनी वाट तोडून ठेवलेली, वरून खाली गोळ्यांचा मारा, तरी रशियन सैनिकांनी लाकडाचे ओंडके बांधून खिंडार बुजवलं आणि पार झाले. आणि वाईट वाटावं अशी गोष्ट म्हणजे नेमक्या त्याच दिवशी झ्युरिकला त्या दुसऱ्या रशियन सैन्याचा पराभव सुरू झाला होता, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढे जीव दिले ती मदत वेळेवर पोचणारच नव्हती. पुढे थंडीत, बर्फात, एकामागून एक घाट ओलांडत हे लोक कसेबसे बाहेर पडले. स्मारक 1898 मध्ये झालं. गावात परत आलात की उर्सेरेन खोऱ्याचं म्युझियम बघा, ते ज्या घरात आहे त्याच घरात सुवोरोव मुक्कामाला होते.

आईबाबांना पुलापासून परत गावात पाठवा, आणि तुम्हाला चालायचं असेल तर तसेच खाली ग्योशेनेनपर्यंत उतरा, तास-दीड तास लागतो, मध्ये दगडी वाट आहे तिथे चांगले बूट हवेत. खाली पोचलात की 1882 चा गोटहार्ड रेल्वे बोगदा दिसतो, 15 किलोमीटरचा. लुई फाव्र या कंत्राटदाराने तो घेतला आणि 1879 मध्ये बोगद्यातच त्याचा मृत्यू झाला, काम पूर्ण झालेलं त्याला बघायला मिळालं नाही. मजूर बहुतेक इटालियन, हवा नाही, पाणी गळतंय, उकाडा, 1875 मध्ये त्यांनी संप केला तेव्हा ग्योशेनेनला गोळीबार झाला आणि चार मजूर मारले गेले. एकूण जवळजवळ दोनशे माणसं त्या कामात गेली. ग्योशेनेनच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे, तिथे जरूर जाऊन या, टुरिस्ट फारसे जात नाहीत. मग वर यायला दात्यांच्या रुळांवर चालणारी छोटी ट्रेन आहे, पंधरा मिनिटांत अँडरमॅट.

गावातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गावाच्या वरच्या उतारावर सगळीकडे गवत आणि मध्येच त्रिकोणी आकाराचं जंगल दिसेल. हे जंगल गावाला हिमप्रपातापासून वाचवतं, आणि 1397 मध्ये गावकऱ्यांनी लेखी ठराव करून तिथे झाड तोडायला बंदी घातली. सरपणाची एवढी टंचाई असलेल्या खोऱ्यात सहाशे वर्षं लोकांनी ते पाळलं. असाच हट्ट त्यांनी 1946 मध्ये पण दाखवला. वीज कंपन्यांचा प्लॅन होता की धरण बांधून आख्खं उर्सेरेन खोरं पाण्याखाली घालायचं, अँडरमॅटसकट, तर चिडलेल्या गावकऱ्यांनी प्रकल्पाच्या इंजिनीयरला बदडून गावाबाहेर काढलं. प्लॅन बारगळला. आपल्याकडे धरणाखाली गेलेली गावं ज्यांनी पाहिलीत त्यांना या मैदानात उभं राहून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरा दिवस फुर्काच्या वाफेच्या गाडीला द्या, आणि हे तिकीट आत्ताच बुक करा कारण गाडी फक्त उन्हाळ्यात आणि तीही रोज नसते. याच खोऱ्यातल्या रेआल्पहून सुटते, फुर्का घाटापलीकडच्या ओबरवाल्डला पोचते, अठरा किलोमीटर. 1982 मध्ये खालून मोठा बोगदा झाला आणि हा वरचा डोंगरी मार्ग बंद पडला, ग्लेशियर एक्सप्रेसपण तेव्हापासून बोगद्यातून जाते. रूळ उखडून टाकायची वेळ आली होती, तेव्हा हौशी लोकांनी संघटना करून, सुट्टीच्या दिवशी स्वतः फावडी मारून तो जिवंत केला, 2010 मध्ये पूर्ण मार्ग परत सुरू झाला. ज्या इंजिनांवर पूर्वी ही गाडी चालायची ती 1947 मध्ये व्हिएतनामला विकली होती, ती या लोकांनी 1990 मध्ये तिथून शोधून परत आणली! वाटेत स्टेफेनबाखचा पूल लागतो, तो हिमप्रपातात वाहून जाऊ नये म्हणून दर हिवाळ्याआधी घडी घालून बाजूला करतात आणि वसंतात परत उघडतात. आणि उटीची गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी रुळांच्या मध्ये वाकून बघा, दातेरी पट्टी ओळखीची वाटेल, कारण दोन्हीकडे आब्ट पद्धतच आहे आणि उटीची ती निळी वाफेची इंजिनंही याच देशात विंटरथूरच्या कारखान्यात बनलेली.

ग्लेच स्टेशनला गाडी थांबते तेव्हा वर बघा. समोर उघडा, गुळगुळीत राखाडी कातळ दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ऱ्होन हिमनदी या कातळावरून थेट खाली ग्लेचच्या मैदानापर्यंत आलेली होती, जुनी चित्रं आणि फोटो आहेत. आता ती वर कड्यामागे गेलीय, आणि तिथे तिच्या खालच्या टोकाला बर्फ वितळू नये म्हणून उन्हाळ्यात पांढरी कापडं अंथरतात. मला ते बघून दर वेळी फार त्रास होतो, तरी मी म्हणेन की बघाच, मुलं बरोबर असतील तर त्यांनाही दाखवा. परत येताना ओबरवाल्डहून साध्या ट्रेनने बोगद्यातून अँडरमॅट.

तिसरा दिवस गोटहार्ड घाट. पोस्टाची पिवळी बस उन्हाळ्यात वर जाते. वाटेत होस्पेन्टालला तेराव्या शतकातला बुरूज आहे, आणि दोन रस्ते फुटतात तिथे एक छोटं चॅपल, त्याच्या भिंतीवर वाटसरूला विचारलंय की मित्रा, इथे वाट फुटते, तू कुठे निघालास, रोमला, खाली ऱ्हाइनकाठच्या कोलोनला की पश्चिमेला फ्रान्सकडे. वर 2100 मीटरवर तळी आहेत, जुनी धर्मशाळा आहे, घाटाचं म्युझियम आहे, आणि डोंगराच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातला तोफखाना आहे तो आता बघायला खुला असतो, तिथे प्लांगेनस्टॉक डोंगरात सापडलेले स्फटिक ठेवलेत, माणसाच्या हातात मावणार नाहीत एवढे मोठे. आत कायम गारठा, स्वेटर न्या. पलीकडे दक्षिणेला आयरोलोच्या बाजूला ट्रेमोला म्हणजे जुना दगडी फरसबंदीचा वळणावळणांचा रस्ता उतरतो, तो वरून बघितला तरी पुरे.

ओबरआल्प घाटाला ट्रेन थेट जाते, संध्याकाळी रिकामा वेळ असेल तर जाऊन या, वर एक लाल दीपगृह उभं आहे कारण ऱ्हाइनचा उगम म्हणतात ते टोमा तळं तिथून जवळ आहे आणि नदीच्या दुसऱ्या टोकाला हॉलंडात असंच दीपगृह होतं. तळ्यापर्यंत दीड-दोन तासांची चढण आहे, आईबाबांना नको. एवढ्याशा टापूत ऱ्हाइन, रॉइस, ऱ्होन आणि तिचिनो अशा चार नद्या उगम पावतात आणि त्यातली एक भूमध्य समुद्राला, एक एड्रियाटिकला, बाकीच्या उत्तर समुद्राला जाऊन मिळतात. चालणारे लोक यासाठी 85 किलोमीटरची चार उगमांची पायवाट पाच टप्प्यांत करतात.

थोडं कामाचं. स्विस ट्रॅव्हल पास ग्योशेनेन-अँडरमॅट-ओबरआल्प या ट्रेनला चालतो, फुर्काच्या वाफेच्या गाडीला वेगळं तिकीट. जुलै असला तरी वर वारा बोचतो, जॅकेट आणि पावसाचं काहीतरी सगळ्यांकडे हवंच. शाकाहारी असाल तर एल्प्लरमाग्रोनेन मागवा, मॅकरोनी, बटाटा, चीज आणि वर सफरचंदाचा मऊ गर, पण बेकन घालतात बऱ्याच ठिकाणी तेव्हा ओने श्पेक, म्हणजे बेकन नको, असं आधीच सांगा. हवेचा अंदाज आदल्या रात्री बघून गोटहार्डचा दिवस पुढे-मागे करा, ढगात घाटावर काहीच दिसत नाही, घळ मात्र पावसातही बघता येते आणि तेव्हा तर रॉइसला जास्तच पाणी असतं. आणि वाफेच्या गाडीची तारीख आधी पक्की करून बाकीचे दोन दिवस तिच्याभोवती बसवा. तारीख कुठली मिळतेय ते इथेच सांगा, मी बसच्या वेळा बघून देते.